‘सदर कूळ हक्क रद्द’ला ९७ मार्क

इंग्रजीत लिहिणाऱ्यांची एक मोठी सोय आहे. मेल लिहा, रिपोर्ट लिहा, यूजर मॅन्युअल लिहा, ते वाचायला किती सोपं आहे याचे मार्क कॉम्प्युटर देतो. वर्डमध्ये ही सोय कित्येक वर्षांपासून आहे, नेटवर तर फुकटात मिळते. मजकूर पेस्ट करायचा, बटण दाबायचं, की साधारण ० ते १०० मधला एक आकडा येतो. ९० च्या वर आला तर पाचवीतलं पोरगंही वाचेल. ३० च्या खाली आला तर पदवीधराचाही घाम काढेल. आपल्या धंद्यात ज्यांच्या गळ्यात डॉक्युमेंटेशन पडतं त्यांना हा आकडा ओळखीचा असेल.

मराठीसाठी असं काही करता येईल का, हा या वीकेंडचा प्रश्न. उत्तर शोधता शोधता मी पावणेदोनशे वर्षं मागे गेलो आणि परत येताना थेट आमच्या कशेळीच्या गोडाउनांपाशी उतरलो. तेव्हा चहा घेऊन बसा, रस्ता जरा लांबचा आहे.

आधी हा आकडा आला कुठून ते बघू. रुडॉल्फ फ्लेश हा मूळचा व्हिएन्नाचा, शिक्षणाने वकील. नाझींच्या तावडीतून निसटून तो अमेरिकेत आला, म्हणजे इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्याने १९४३ मध्ये डॉक्टरेट घेतली, विषय होता वाचनीय शैलीच्या खुणा. १९४८ मध्ये त्याने आपला प्रसिद्ध फॉर्म्युला मांडला. तो अगदी साधा आहे. एका वाक्यात सरासरी किती शब्द आहेत ते मोजा आणि १.०१५ ने गुणा. एका शब्दाचे उच्चारताना सरासरी किती तुकडे पडतात, म्हणजे किती सिलॅबल, ते मोजा आणि ८४.६ ने गुणा. दोन्ही आकडे २०६.८३५ मधून वजा करा. झाला स्कोअर. लांब वाक्य म्हणजे अवघड, लांब शब्द म्हणजे त्याहून अवघड, एवढंच त्यात गृहीत धरलेलं आहे.

हे काही नुसतं कागदी गणित नव्हतं. १९७५ मध्ये अमेरिकन नौदलासाठी किंकेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच मोजमापावरून नवा फॉर्म्युला काढला, तो स्कोअरऐवजी शाळेची इयत्ता सांगतो. कारण सरळ होतं. मशीन दुरुस्त करणाऱ्या खलाशाला मॅन्युअल कळलं नाही तर मशीन बिघडतं, कधी माणूसही जातो.

आता मराठी. मी दोन वाक्यं घेतली. पहिलं, ‘आमच्या गावात यंदा पाऊस उशिरा आला.’ दुसरीतल्या मुलालाही कळेल. दुसरं मीच जुळवलं, पण जमिनीच्या कागदावर सहज शोभेल असं आहे, ‘सदर कूळ हक्क रद्द.’

पहिल्या वाक्यात ६ शब्द. आपण बोलतो तसे तुकडे मोजले तर १३ होतात. फॉर्म्युल्यात घातलं की स्कोअर येतो साधारण १७. म्हणजे फ्लेशच्या हिशेबाने गावातला पाऊस समजायला कॉलेज पुरं व्हायला हवं! तुकड्यांऐवजी लिहिलेली अक्षरं मोजली तर १६ भरतात आणि स्कोअर उणे २५ पर्यंत खाली जातो. दुसऱ्या वाक्यात ४ शब्द, ५ तुकडे. स्कोअर ९७. पाचवी पास.

हे ९७ मार्कांचं वाक्य तुमच्या घरी आलं तर? त्यातला एकही शब्द लांब नाही. पण कूळ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा, त्याचा हक्क कूळ कायद्याने आलेला, आणि तो रद्द झाला याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन पायाखालून गेली, हे ठाऊक असल्याशिवाय त्या चार शब्दांतून काहीच हाती लागत नाही. गंमत म्हणजे मुंबई इलाख्याचा कूळ कायदाही १९४८ चाच, फ्लेशच्या फॉर्म्युल्याच्याच वर्षीचा.

घोळ कुठे होतो? मराठीत आपण शब्दाच्या शेपटाला सगळं जोडतो. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. इंग्रजीत यासाठी सुटे शब्द लागतात, आपण एकाच शब्दाचा डबा वाढवत नेतो. शब्द लांब होतो, पण अवघड होत नाही. फ्लेशचा जोर शब्दाच्या लांबीवर असल्याने मराठी माणूस काहीही बोलला तरी नापासच. हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. २०१२ मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी बंगाली आणि हिंदीसाठी वेगळे फॉर्म्युले मांडले. त्यांनी जोडाक्षरांसारख्या, आपल्या लिपींच्या गोष्टीही हिशेबात घेतल्या आणि आपलं मोजमाप ती भाषा बोलणाऱ्या वाचकांच्या मतांशी ताडून पाहिलं. मराठीसाठीही तसं करता येईल. पण फॉर्म्युला नव्हता तेव्हा मराठी सोपी कशी झाली? कारण ती झाली, यात शंका नाही.

मोडीतला जुना कागद कधी पाहिलाय का? शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. आधी ओळ मारायची आणि मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं लिहीत जायची. पेशवाईतलं पत्र आपल्या प्रोग्रॅमला दिलं तर तो अख्खं पत्र एकच शब्द धरेल. लिहिणारा कारकून, वाचणारा कारकून, दोघे एकाच तालमीतले, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं. छपाई आली, शाळा आल्या, आणि कारकून नसलेला वाचक पहिल्यांदा समोर उभा राहिला. त्याला कुठे थांबायचं ते कोण सांगणार?

ते काम मेजर थॉमस कँडीने केलं. इंग्रज लष्करी अधिकारी, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातला सहकारी. १८५० मध्ये त्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह हे आज आपण जन्मजात मराठी समजून वापरतो, ते या वाटेने रुळले. विचार केला तर त्यात एकही शब्द सोपा केलेला नाही. फक्त वाचणाऱ्याला दम खायला जागा करून दिली.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रं आपला वाचक शोधत होती. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात लोकहितवादींची पत्रं आली. तोंडावर बोलल्यासारखी, आडपडदा न ठेवणारी. मग १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली, तिचं मराठी भरजरी, लांब पल्ल्याचं, इंग्रजी आणि संस्कृत दोन्ही पचवलेल्या वाचकासाठीचं. हेच चिपळूणकर ४ जानेवारी १८८१ ला ‘केसरी’ सुरू करणाऱ्यांत होते. पण ‘केसरी’ वाढला तो वेगळ्या वाचकावर. विद्यापीठातल्या पोरांसाठी लिहू नका, समोर खेडेगावचा माणूस बसलाय असं समजून लिहा, असं टिळक सहकाऱ्यांना सांगत, अशी आठवण त्यांच्या चरित्रात येते. ६ जुलै १८९७ च्या अग्रलेखाचा मथळा बघा, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पाच शब्द. त्यातला ‘ठिकाणावर’ चांगला लांबलचक आहे, पण डोकं ठिकाणावर नसलेला माणूस ज्याने कधी पाहिलाय त्याला तो अडत नाही.

आणि आता माझा या विषयातला आवडता माणूस. जोतीराव फुले.

‘शेतकऱ्याचा असूड’ फुल्यांनी १८८३ मध्ये पुरा केला. फ्लेशचं सोडा, आजच्या कुठल्याही संपादकाच्या हातात तो दिला तर लाल पेन संपेल. वाक्यं अक्षरशः अर्ध्या-अर्ध्या पानाची. कारकुनांची लबाडी, कोर्टाचे हेलपाटे, सावकाराचं व्याज, घरातली फाटकी गोधडी, सगळं एका दमात. पण तो मुळात डोळ्यांसाठी लिहिलेलाच नाही, तो कानांसाठी आहे. ज्या शेतकऱ्यासाठी लिहिला त्याला वाचता येत नव्हतं. त्याला कुणीतरी वाचून दाखवणार हे फुल्यांनी धरलेलंच होतं. मोठ्याने वाचून बघा, मग ते लांब वाक्य कीर्तनकाराच्या चढत्या आवाजासारखं जातं, कुठेही अडखळत नाही.

याहून भारी गोष्ट पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. फुले सांगतात की ग्रंथ तयार होत असताना पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या, कष्टकरी जातींतल्या लोकांनी तो त्यांच्याकडून वेळोवेळी वाचून घेतला आणि यात लिहिलंय ते खरं आहे, असं म्हणून आपल्या सह्या पाठवल्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. मंडळी, आपण ज्याला यूजर टेस्टिंग म्हणतो आणि डेडलाइन आली की पहिलं उडवतो, ते या माणसाने १८८३ मध्ये गावोगाव करून घेतलं. वर साइन-ऑफसुद्धा घेतला!

त्यात एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. सह्या घेतल्या त्या ‘भाषा सोपी आहे’ म्हणून नव्हेत. ‘हे खरं आहे’ म्हणून. ऐकणाऱ्याला आपल्याच आयुष्याची गोष्ट त्यात ओळखता आली, म्हणजे ती कळली. याहून कडक परीक्षा मला तरी माहीत नाही. आणि कळण्याची किंमतही फुल्यांनी मोजली. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’त पहिले दोन भाग छापून आले आणि पुढचे छापायला लोखंडे कचरले. म्हणजे जवळचा माणूसही दचकला. मजकूर गुळमुळीत असता तर विनाअडथळा छापला गेला असता, असं मला आपलं वाटतं.

सरकारी मराठीची गोष्ट बरोबर उलटी आहे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचवणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला. स्वतंत्र राज्याने आपल्या भाषेत कारभार करायचा, हा त्यामागचा आग्रह मोठाच होता. पण ‘सदर’, ‘हक्क’, ‘रद्द’ हे माझ्या वाक्यातले तीन शब्द अरबीतून आलेले, आणि तेच अजून जमिनीच्या कागदावर मुक्कामाला आहेत. जिथे लोकांचा पैसा आणि जमीन गुंतलेली असते तिथे शब्द सहजी हलत नाहीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या ते पाठ झालेले असतात.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी भाषा संचालनालय सुरू झालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. इंग्रजी हुद्द्यांना मराठी नावं मिळाली. त्यांतली काही इतकी जड होती की आचार्य अत्र्यांनी कोशाचं ‘बदनाम कोश’ असं बारसं केलं. हे थोडं अन्यायाचंही होतं. ‘जिल्हाधिकारी’, ‘कार्यकारी अभियंता’ ही नावं आज कुणाला टोचत नाहीत. वापरून वापरून शब्द गुळगुळीत होतो. पण त्या सगळ्या कामात फुल्यांसारखं कागद घेऊन गावात बसणं मात्र मागे राहिलं. मराठी आली, तरी ती कचेरीतून गावाकडे आली. ‘उपरोक्त’, ‘विहित’, ‘हितसंबंधित’ अशी.

आता कशेळी. राजापूरकडची कनकादित्याची कशेळी वेगळी. आमची भिवंडी तालुक्यातली, ठाण्याहून बाळकुम सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की लागते ती. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाउनच गोडाउन. तुम्ही ऑनलाइन मागवलेलं निम्मं सामान आधी या पट्ट्यात येऊन गेलेलं असतं म्हणा ना. या गोडाउनांच्या खाली भातशेती होती. त्यामुळे इथे दर घरात दोन प्रकारचे कागद असतात, सातबारा आणि भाडेकरार.

आमच्या शेजारचे एक काका आहेत, आगरी, शाळा चौथीनंतर सुटलेली. सातबारा हातात घेतला की तो ते पेपरसारखा वाचतात. भोगवटादार, पोटखराबा, इतर हक्क, फेरफार क्रमांक, सगळं सेकंदात. मला तो कागद म्हणजे दुसऱ्याने कॉमेंट न घालता लिहिलेला कोड वाटतो. त्यांनीच मला समजावलं की पोटखराबा म्हणजे आपल्याच जमिनीचा पण पीक न येणारा तुकडा. उलट गोडाउनचा भाडेकरार आला की ते माझ्याकडे येतात. लॉक-इन, एस्कलेशन, डिपॉझिट कधी परत मिळणार हे मी त्यांना सांगतो. जमीन एकच. तिच्यावरचा एक कागद त्यांना सोपा आणि मला अवघड, दुसरा मला सोपा आणि त्यांना अवघड. आता सांगा, या दोन कागदांना कुठला एक आकडा द्यायचा?

सरकारनेही हे काही अंशी ओळखलं. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना जवळजवळ ५० वर्षांनी बदलला. लागवडीचं क्षेत्र आणि पोटखराबा यांची एकूण बेरीज छापली जाऊ लागली, दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ आली. शब्द तेच ठेवले, फक्त जागा आणि रेघा दिल्या. मला तर हे मेजर कँडीचंच काम पुढे नेल्यासारखं वाटलं.

पण नोटिशीचं काय? फेरफार नोंदीची नोटीस आली की हरकत घ्यायला १५ दिवस असतात. अशा नोटिशीचा मी आपला एक नमुना केला, ‘सदर फेरफार नोंदीबाबत हितसंबंधितांनी आपली हरकत असल्यास ती विहित मुदतीत लेखी सादर करावी, अन्यथा नोंद प्रमाणित करण्यात येईल.’ १८ शब्द. हेच असंही लिहिता येतं:

‘या जमिनीच्या कागदावर नवं नाव लागणार आहे. तुम्हाला ते मान्य नसेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली नाही तर नोंद मंजूर होईल.’

२८ शब्द झाले. मजकूर वाढला, पण आता त्यात काय होणार, मी काय करायचं, किती दिवसांत, आणि नाही केलं तर काय, हे सगळं आहे. ‘हरकत’ आणि ‘लेखी’ मी काढले नाहीत, कारण ते गावात सगळ्यांना येतात. काढले ते ‘हितसंबंधित’ आणि ‘विहित’. ‘विहित’ तीनच अक्षरांचा आहे, फ्लेशला तो दिसलाही नसता. पण सोळाव्या दिवशी त्याचा अर्थ कळून उपयोग नाही.

म्हणून स्कोअर फेकून द्या असं मी म्हणत नाही. मराठीतही एका वाक्यात ४० शब्द झाले तर तोडून बघावं, त्यासाठी मोजणी चांगलीच. अमेरिकेतच १९४८ मध्ये डेल आणि चॉल यांनी वेगळी वाट काढली होती. शब्दांची लांबी न बघता चौथीतल्या मुलांना माहीत असलेल्या सुमारे ३,००० शब्दांची यादी केली आणि मजकुरात यादीबाहेरचे किती आहेत ते मोजले. मराठीला ही वाट जास्त जवळची आहे. फक्त यादी एकच असून भागणार नाही. काकांच्या यादीत पोटखराबा असेल, आपल्या यादीत डिप्लॉयमेंट.

आणि ती यादी ऑफिसात बसून होत नाही. आपल्यातले कितीतरी जण बँकेची, विम्याची, सरकारी सेवांची अॅप्स लिहितात. त्यातला मराठी मजकूर बहुतेकदा इंग्रजीवरून शेवटच्या आठवड्यात उतरवलेला असतो. पुढच्या रिलीजच्या आधी एवढं करा. तो स्क्रीन ज्याच्यासाठी आहे अशा एका माणसाला गाठा. मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, लोक हो म्हणतात. ‘आता तुम्ही काय कराल?’ असं विचारा आणि गप्प बसून ऐका. तो जे शब्द वापरेल ते लिहून घ्या, तेच स्क्रीनवर घाला.

याला एक दुपार लागते आणि बजेट लागत नाही. जुन्नर-ओतूरला जायचीही गरज नाही, ऑफिसच्या सिक्युरिटी गेटपासून सुरुवात केली तरी चालेल.